बाबांच्या दवाखान्यात बसू का?

पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी 27 वर्षांची, एमबीबीएस. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 1986 पासून माझ्या बाबांचा दवाखाना आहे. बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. नंतर नीट पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा दिली. मिळत होती त्या शाखेत रस नव्हता, हवी होती तिथवर रँक पोचली नाही. बाबांचे गुडघे गेलेत, ते आता फक्त संध्याकाळी बसतात. सकाळची ओपीडी आपण सुरू करावी असं मला मनापासून वाटतं, पण विरोध बाबांचाच आहे. 'आम्ही केलं ते काम आता उरलं नाही. लोक सर्दीला गुगल करतात आणि छातीत दुखलं की थेट सातारा गाठतात. आपल्याकडे येतात ते सर्टिफिकेटला,' असं ते म्हणतात. आईला माझ्या लग्नाची काळजी, कारण 'नुसतं एमबीबीएस' ऐकलं की स्थळं नाक मुरडतात. मैत्रिणी म्हणतात, गावात बसून डोकं गंजेल.

माझी भीती मात्र वेगळीच आहे. बाबा आजही 80 रुपयांत तपासणी, गोळ्या आणि इंजेक्शन देतात. अशक्तपणाला सलाईन लावतात. मला ते जमणार नाही. मग माझ्याकडे कोण येईल? बाबा म्हणतात ते खरं आहे का? फॅमिली डॉक्टरचं काम संपलं का? आणि बसलेच, तर पाटीवर नाव कोणाचं लावायचं?

एक वाचक, जि. सातारा

उत्तर

तुला 'तुम्ही' म्हणायला जीभ वळेना. माझ्या धाकट्या भाचीएवढी आहेस, तेव्हा 'तू'च म्हणते.

उत्तर आधी देते. बस त्या दवाखान्यात. पण बाबा जे करत आले तेच पुढे चालवायचा विचार असेल तर नको बसू, कारण ते काम खरंच संपत आलंय. बाबा खोटं बोलत नाहीत. टेबलावरून काय काय उठून गेलं ते त्यांना दिसतंय. त्या जागी जे येऊन बसलंय त्याचे पैसे कोणी देत नाही, म्हणून ते त्यांना काम वाटतच नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पण तू डॉक्टर आहेस, नुसतं माझं म्हणणं मान्य करू नकोस, पुढचं वाच.

मी 1979 साली इचलकरंजीत दवाखाना थाटला. यंत्रमागाचं गाव. पाळी सुटली की बाकावर माणसं मावायची नाहीत. मी आत नाडी बघायची, पण खरा दवाखाना चालायचा तो कंपाउंडरच्या खिडकीशी. पेशंट बाटली घरून आणायचा. कंपाउंडर ती विसळून मिक्स्चर भरायचा आणि बाहेरून कातरलेल्या कागदाची पट्टी डिंकाने चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. कार्मिनेटिव्ह, अल्कली आणि खोकल्याचं अशा तीन बरण्यांवर निम्मं गाव बरं व्हायचं. (तसं ते आपोआपच बरं होणार होतं, पण ही गोष्ट डॉक्टर आणि पेशंट दोघांनीही मोठ्याने बोलायची नसते.) सोबत पुड्या. दोन दिवसांचं औषध तीन रुपये, इंजेक्शन घेतलं तर पाच. त्यात तपासणीचे किती आणि औषधाचे किती, हे कोणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मला सांगताही आलं नसतं.

हे नीट लक्षात घे, कारण तुझी सगळी अडचण इथून निघते. लोक पैसे मोजत ते वस्तूचे. बाटलीचे, पुडीचे, सुईचे. माझ्या डोक्याचे पैसे त्या बाटलीत विरघळलेले असायचे. सल्ला फुकट होता, किंवा फुकट आहे असं आम्ही सगळ्यांना वाटू दिलं.

मग एकेक वस्तू गेली. तापावरची आमची एपीसीची पुडी म्हणजे ॲस्पिरिन, फिनॅसेटिन आणि कॅफीन. किडनी खराब करतं म्हणून फिनॅसेटिनवर 1983 साली बंदी आली. काचेच्या सिरिंजा आम्ही सकाळी उकळत ठेवायचो आणि बोथट झालेली सुई दगडावर घासायचो, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. 1986 साली मद्रासमध्ये देशातली एचआयव्हीची पहिली लागण सापडली, आणि पुढच्या काही वर्षांत पेशंटच विचारायला लागले, 'बाई, सुई नवी आहे ना?' गोळ्या स्ट्रिपमध्ये आल्या, गल्लोगल्ली मेडिकल स्टोअर झालं, कंपाउंडरची खिडकी बंद पडली. नोव्हेंबर 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तोवर माझ्यासकट कित्येकांचा केसपेपर म्हणजे चार बोटांची चिठ्ठी असायची. त्यानंतर लिहिणं आलं, सह्या घेणं आलं, आणि जोखमीचा पेशंट पुढे पाठवणंही आलं. बाळंतपणं तर आमच्या हातून केव्हाच गेली. 1992-93 मध्ये देशात शंभरातली 26 बाळंतपणं दवाखान्यात किंवा रुग्णालयात होत होती, 2019-21 च्या पाहणीत 89.

आणि आजारही गेले. नारू तू पुस्तकात वाचला असशील. पायातून निघणारा तो दोरा काडीवर गुंडाळत रोज थोडाथोडा ओढलेला मी पाहिलाय. देशातला शेवटचा रुग्ण 1996 चा. पोलिओचा शेवटचा जानेवारी 2011 चा. घटसर्पाने गळा धरलेलं मूल, धनुर्वाताने कमान झालेलं बाळ, डांग्या खोकल्याने निळं पडणारं पोर हे आमचं रोजचं होतं. 1985 साली सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं आणि बघता बघता ही पोरं दिसेनाशी झाली. आमच्या पिढीचे डॉक्टर एकत्र जमले की 'ते दिवस' म्हणून उसासे टाकतात, मला त्यांचा रागच येतो. ते काम बंद पडावं म्हणून तर आपण लशी टोचत होतो.

आता छातीत दुखणाऱ्याचं घे, कारण बाबांनी त्याचंच उदाहरण दिलंय. त्या काळी हार्ट अटॅक आलेला माणूस आठवडेच्या आठवडे घरी खाटेवर. पेथिडीन टोचायचं, जिभेखाली सॉर्बिट्रेट, जिना बंद, आणि मी रोज सकाळी व्हिजिटला. त्यापलीकडे आमच्या हातात फारसं काही नव्हतं, तरी सगळा उपचार आमचाच असायचा. आज तुझ्या हातात दहा मिनिटं असतात. ईसीजी काढ, ॲस्पिरिन चावायला दे, ईसीजीचा फोटो कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची सोय) असलेल्या रुग्णालयात पाठव, 108 बोलाव. बाबांना वाटतं पेशंट हातचा गेला. पण ही दहा मिनिटं ओळखणारं कोणी गावात नसेल तर तो माणूस 'गॅस झालाय' म्हणत सोडा पीत बसतो. आणि जो साताऱ्याला जातो तो तिथे राहत नाही. स्टेंट बसवून चारपाच दिवसांत परत येतो, हातात सात गोळ्यांची यादी आणि 'एक महिन्याने दाखवा' असा कागद. पुढची वीस वर्षं तो कोणाचा पेशंट?

तुझं काम हे आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 साली आलेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेहाचे 10 कोटींवर रुग्ण आहेत आणि उच्च रक्तदाबाचे 31 कोटींवर. ही माणसं बरी होणारी नाहीत आणि लवकर मरणारीही नाहीत. त्यांना वर्षानुवर्षं कोणीतरी सांभाळायचंय.

सांभाळायचं म्हणजे काय ते एका नमुन्यावरून सांगते. सत्तरीच्या एक बाई. हृदयाचे डॉक्टर एका शहरात, त्यांनी टेल्मीसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी दिलेली. गुडघ्याचे डॉक्टर दुसरीकडे, त्यांनी दुखण्याची गोळी दिली, 'दुखेल तेव्हा घ्या.' यांना रोजच दुखतं. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर. पण बीपीची ही गोळी, लघवीची आणि दुखण्याची अशा तीन गोळ्या एकत्र आल्या की म्हाताऱ्या किडनीला धक्का बसायला वेळ लागत नाही, एप्रिल-मेच्या उन्हात तर नाहीच. शिवाय पित्ताची एकच गोळी दोघांनी दोन वेगळ्या नावांनी दिलेली, त्या दोन्ही घेतात. तिसऱ्याने साखरेला ग्लिमेपिराइड दिलंय. बाई एकादशी करतात हे त्या तिघांना ठाऊक नाही. सकाळी गोळी, दुपारपर्यंत पोटात अन्न नाही, मग घाम फुटतो, हातपाय थरथरतात, आणि घरचे म्हणतात अशक्तपणा आलाय, सलाईन लावा. तीन फायली एका टेबलावर मांडून 'ही बंद, ही अर्धी, एकादशीला ही घ्यायची नाही' असं सांगणारा माणूस त्या बाईंच्या आयुष्यात एकच असू शकतो. तो गावातच असावा लागतो, आणि त्याला एकादशी ठाऊक असावी लागते.

गुगलची भीती तर बाळगूच नकोस. गुगल करून आलेला पेशंट अर्धा इतिहास स्वतःच सांगतो. 'काय वाचलंत?' असं सरळ विचारावं, म्हणजे त्याला कशाची धास्ती आहे ते कळतं. ती बहुतेकदा कॅन्सरची असते, आणि ती दूर केल्याशिवाय तुझी कुठलीही गोळी लागू पडत नाही.

बाकी काम भराभर सांगते. 'गॅस डोक्यात चढतो', 'धडधडतं', 'झोप नाही' म्हणून येणाऱ्यांत निम्म्यांचं दुखणं मनाचं असतं आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे ते पहिल्या फटक्यात जाणार नाहीत, तुझ्याकडेच येतील. क्षयरोग आम्ही मुलीचं लग्न मोडू नये म्हणून 'फुफ्फुसाला सूज' असा लिहायचो. 2012 पासून खासगी डॉक्टरलाही तो सरकारला कळवणं बंधनकारक आहे, आणि कळवलं की त्या पेशंटला उपचार चालू असेतो आहारासाठी दरमहा 1000 रुपये मिळतात, तेव्हा हयगय करू नकोस. व्हिजिटा संपल्या असं बाबा म्हणत असतील तर त्यांना सांग, त्या परत आल्यात. मुलं पुण्यात किंवा परदेशात, इकडे खाटेला खिळलेले वडील. कॅथेटर बदलायचा, पाठीच्या जखमा बघायच्या, आणि मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं. शेवटी मृत्यूचा दाखलाही तूच देणार, घरी गेलेल्या माणसाचा फॉर्म 4 अ. कायद्याने तो फुकट द्यायचा असतो. रात्री दोन वाजता का होईना, स्वतः जाऊन बघितल्याशिवाय त्यावर सही करू नकोस, आणि शंका आली तर मुळीच देऊ नकोस, ओळखीचे कितीही रागावू देत.

बाबा ज्याला नुसतं 'सर्टिफिकेट' म्हणतात तेही काम असं असतं.

आता पैशाचं बोलते. वर सांगितलेल्यातल्या कुठल्याही कामात बाटली नाही, सुई नाही. फायली मांडून गोळ्या कमी केल्या तर पेशंटला वाटतं, यांनी काहीच दिलं नाही. म्हणून तुझे बाबा आजही 80 रुपयांत इंजेक्शन देतात. ते इंजेक्शन म्हणजे पावती आहे. ते काढून घेतलं तर पैसे कशाचे, हा प्रश्न पेशंटच्या आधी बाबांनाच पडतो. आणि विमाही मदतीला येत नाही. मेडिक्लेम सहसा भरती झाल्यावरच चालतो, महात्मा फुले जनआरोग्य योजनाही रुग्णालयातल्या उपचारांचीच. तू एखाद्याची साखर पंधरा वर्षं ताब्यात ठेवलीस आणि पाय कापायची वेळ येऊ दिली नाहीस, तर त्याबद्दल कुठल्याही योजनेतून तुला दमडी मिळत नाही. पाय कापायला मात्र पॅकेज आहे.

समोरून न मिळणारे पैसे मग मागच्या दाराने येतात. हे तू विचारलं नाहीस, पण मी सांगितल्याशिवाय राहणार नाही. दवाखाना उघडून महिना होत नाही तोच कोणीतरी पेढ्यांचा पुडा घेऊन येईल. लॅबचा असेल, सोनोग्राफीचा असेल, नव्या रुग्णालयाचा असेल. गोड बोलेल आणि टक्के सांगेल. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेने कमिशन घेणं आणि देणं, दोन्हींवर बंदी घातलीय. 2017 साली आपल्या राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही करवून घेतला होता, त्याचा कायदा काही झाला नाही. कट घेणारे सगळे हावरट असतात असं मला वाटत नाही. पुष्कळांची फी इतकी कमी असते की दवाखान्याचं भाडंही तिच्यातून निघत नाही. म्हणून स्वस्त डॉक्टर म्हणजे चांगला डॉक्टर, हे गावाचं समीकरण तू पहिल्या दिवशीच मोडायचंस.

ते कसं? त्याच आचारसंहितेत डॉक्टरने आपली फी फलकावर स्पष्ट लिहावी असं सांगितलंय. फार थोडे लिहितात. तू लिही, मोठ्या अक्षरांत. तपासणी आणि सल्ला, इतके रुपये. सगळ्या फायली आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, अर्धा तास, इतके रुपये. घरी व्हिजिट इतके. फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला इतके. फोनची फी लिहायला लाजू नकोस. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत फी घेता येते असं स्पष्ट म्हटलंय. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो टाकून 'मॅडम जरा बघा' म्हणणारे तुलाही भेटतील. बघणं हेच काम आहे, ते फुकट कसं असेल? इंजेक्शन लागलं तर त्याचे वेगळे पैसे लावू नकोस. सुई दिली काय, न दिली काय, तुझी फी तेवढीच राहिली की पेशंटलाही कळतं, बाई टाळतायत त्या पैशासाठी नाही. ज्याला परवडत नाही त्याला पूर्ण माफ कर, कोणाला न सांगता. पन्नासाचे चाळीस करत बसू नकोस. गर्दी बाबांच्या निम्मीही होणार नाही आणि पहिलं वर्षभर आई रोज संध्याकाळी तुझ्याकडे बघून सुस्कारा सोडेल. ते सोसायची तयारी आणि वर्षाच्या खर्चाची तजवीज असेल तरच सुरुवात कर.

इंजेक्शन-सलाईनचं तुला वाटतं तेवढं अवघड नाही. फक्त तोंडाने 'नाही' म्हणायच्या आधी हात लाव. पोट दाब, छाती ऐक, बीपी मोजून आकडा मोठ्याने सांग. माणसाची इतकी दखल घेतल्यावर सुईचा हट्ट निम्मा गळून पडतो. सलाईन मागणाऱ्याला साधा हिशेब सांग. पाच टक्क्यांच्या डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर किती? 25 ग्रॅम. म्हणजे पाचएक चमचे. एवढ्यासाठी शिरेत सुई खुपसून दोन तास झोपायचं का? जुलाबाला ओआरएसची पुडी, तीही आरोग्य केंद्रात फुकट मिळते. उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी झालीय, डेंगीची धोक्याची लक्षणं आहेत, तिथे सलाईन लावायला मात्र क्षणभरही विचार करू नकोस. म्हणजे लोकांना कळेल की बाई सलाईनच्या विरोधात नाहीत, गरज बघतात.

तरीही काहीजण म्हणतील, 'तुमचे बाबा देतात की.' त्यावर बाबांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. 'बाबा संध्याकाळी सहाला बसतात, तेव्हा या,' एवढंच. सकाळची ओपीडी तुझी, संध्याकाळची त्यांची. पेशंट आपोआप वाटले जातात, आणि वर्षभरात कोण कुठून कुठे सरकलं ते बाबांनाही दिसतं. वाद घालून चाळीस वर्षांची सवय जात नाही. फक्त दोन गोष्टी त्यांच्याकडून आत्ताच मागून घे. डेंगीच्या दिवसांत तापाला डायक्लोफिनॅकची सुई नको, रक्तस्राव वाढतो. आणि सिफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स सर्दीतापाला नकोत. 2014 पासून ती एच-1 या जास्त कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहेत, मेडिकलवाल्यालाही त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते. बाबा ऐकतील. मुलीने डॉक्टर म्हणून काही मागितलेलं बापाला आवडतं, वरून कितीही कुरकुर करू देत.

बदल्यात त्यांच्याकडून एक गोष्ट घे, आणि ती लवकर घे. त्या दवाखान्याची खरी मालमत्ता जागा किंवा पाटी नाही. कोणाला पेनिसिलीनची ॲलर्जी आहे, कोणाच्या घरात तीन पिढ्या मधुमेह आहे, कोण पितो आणि बायकोने सांगितल्याशिवाय कबूल करत नाही, कोणाच्या मुलीचे दोन गर्भपात झालेत, कोणाचा टीबी वीस वर्षांपूर्वी अर्धवट सुटलाय, हे सगळं बाबांच्या डोक्यात आहे आणि बहुधा कुठेही लिहिलेलं नाही. रोज दुपारी चहाच्या वेळी एकेक घर घे. ते बोलतील, तू लिही. संगणकावर लिही, पण कुलूपबंद ठेव, गावात अशा गोष्टी हातोहात पसरतात. यातून आणखी एक होईल असा माझा अंदाज आहे. 'काम उरलं नाही' म्हणणाऱ्या माणसाला स्वतःच्याच तोंडून एकेक घर ऐकावं लागेल.

आईचं आणि मैत्रिणींचं थोडक्यात. 'नुसतं एमबीबीएस' आईला खटकत असेल तर फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी ही पदव्युत्तर पदवी होते, तीन वर्षांची, नीट पीजीतूनच. रँक मारामारीची लागत नाही, कारण फारसं कोणी मागत नाही. ती तीन वर्षं देता येत नसतील तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम दवाखाना चालवत करता येतो. त्याने तू तज्ज्ञ ठरणार नाहीस, पण वर लिहिलेलं काम जास्त चांगलं येईल. स्थळांबद्दल मी बोलणार नाही. ज्याला तुझ्या पदवीची लाज वाटते त्याला रात्री दोनच्या फोनचीही वाटेल, तेव्हा ते आधीच कळलेलं बरं. आणि डोकं गंजण्याचं म्हणशील तर महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर आठव. कोकणातल्या लाल विंचवाने माणसं मरत होती, तेव्हा खाटेशेजारी बसून, नोंदी ठेवून, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर चालतं हे त्यांनी दाखवलं आणि ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. कुठल्या महानगरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत हे झालं नाही. प्रत्येकाच्या हातून एवढं होत नाही, माझ्या हातूनही झालं नाही, पण डोकं गंजणं गावावर अवलंबून नसतं. तसंही नोंदणी टिकवायला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला दर पाच वर्षांनी नवं शिकत राहिल्याचे 30 क्रेडिट पॉइंट दाखवावेच लागतात. ते जेवणावळीच्या परिषदांत मिळवायचे की खरोखर शिकून, हे तुझ्या हातात.

राहिलं पाटीचं. बाबा बसतायत तोवर दोघांचीही नावं लाव, वर त्यांचं, खाली तुझं, दोन्हींपुढे आपापला नोंदणी क्रमांक आणि आपापली वेळ. चिठ्ठीचं पॅड मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःचं छाप. त्यांच्या पॅडवर तुझी सही चालणार नाही.